जिप्सीले ३१ इंची टायर टाकायचे आहेत, गिअरिंगचं काय करू?

काळी_जिप्सी (मानेवाडा, नागपूर)

नमस्कार मंडळी, बरेच दिवसांपासून नुसतं वाचून राहिलो होतो, आज पहिल्यांदा लिहून राहिलो, चुकलं तर सांभाळून घ्या.

गाडी मारुती जिप्सी एमजी४१३डब्ल्यू, २००८ ची, सॉफ्ट टॉप, मी तिसरा मालक. आधीच्या मालकानं २०२३ मध्ये गाडीले पंधरा वर्षं झाल्यावरचं पासिंग करून घेतलं होतं, कागद २०२८ पर्यंत मोकळे, म्हणून हिंमत केली. टायर सध्या कंपनीच्याच साइजचे, २०५/७० आर१५, पण घासून गोटा झाले आहेत म्हणजे बदलायचे तर आहेतच.

वापर असा की आठवड्यातून दोनदा काटोलकडे शेतात जातो. डांबरी रस्ता संपला की शेवटचे तीन किलोमीटर पांदण, आणि पांदण म्हणजे निव्वळ काळी माती. उन्हाळ्यात फुफाटा, पावसाळ्यात लोणी. मागच्या ऑगस्टमध्ये फोर बाय फोर लावून, फोर-लो (चारही चाकांना ताकद देणारा सगळ्यात हळू गिअर) टाकूनसुद्धा गाडी पोटावर बसली. चाकं फिरून राहिली, गाडी जागची हलत नाही. शेजारच्या काकांनी ट्रॅक्टर लावून ओढली आणि वरून म्हणतात, "याले फोर बाय फोर म्हणतेत का बाबू?" तेव्हापासून डोक्यात बसलं आहे का मोठे टायर टाकायचेच. बाकी कधी खिंडसी, कधी पेंचच्या बाजूनं चक्कर, एखाद्या वेळी चिखलदरा. समृद्धीवर नेत नाही, तिथं लोक मागून येऊन हॉर्न मारतात न बावा.

टायरच्या दुकानवाला म्हणते ३१ x १०.५ आर१५ टाक, दिसायलाही डेंजर दिसते, थोडं मडगार्ड कापून देऊ, काही होत नाही. माझा मिस्त्री म्हणते का गाडी ओढणार नाही, दम मरून जाईल, गरारी म्हणजे आतली दातेरी चाकं बदलावी लागेल. कोणती गरारी, कुठून आणायची, हे त्याले विचारलं तर म्हणते पाहू. आता मी काय पाहू?

अजून एक सांगून ठेवतो. माझी गाडी तशीही ८० ले फार ओरडते. मित्राची जिप्सी आहे २०११ ची, ती त्याच स्पीडले शांत वाटते. आणि मोबाइलवर जीपीएस लावलं तर काटा ८० दाखवते तेव्हा जीपीएस ७५-७६ दाखवते, पण ते तर सगळ्याच गाड्यांचं असते म्हणतात. त्याच्यामुळे मला उलट असं वाटते का मोठे टायर टाकले तर हायवेवर शांत चालेल, मग प्रॉब्लेम काय?

साइज कोणती, लिफ्ट म्हणजे गाडी उंच करावी लागेल का, गिअरिंगचं काय करायचं, आणि आरटीओचं काय, एवढं सांगा.

---

थारवाला_एमएच४०

३१ काय घेऊन बसला भाऊ, सरळ ३३ टाक. गाडीपेक्षा टायर मोठे दिसले पाहिजेत 😂

मजाक सोड, पण जिप्सीत ३१ टाकलेल्या मी दोन पाहिल्या आहेत, दोन्ही गाड्या फोटोत एक नंबर दिसतात आणि चढावर दुसऱ्याच गिअरले रडायला लागतात.

---

सदर_गॅरेज

काळी_जिप्सी, तुमचा मिस्त्री बरोबर बोलतोय, फक्त अर्धं बोलून थांबला. मी तीसेक वर्षं जीप आणि जिप्सीच करतोय, म्हणून जरा लांबण लावतो, चहा घेऊन बसा.

आधी मापं. २०५/७० आर१५ म्हणजे रिम १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर, त्यात वरची-खालची साइडवॉल धरली की उंची येते साधारण ६६८ मिलिमीटर. ३१ x १०.५ म्हणजे नावातच ३१ इंच, ७८७ मिलिमीटर. किती वाढलं? जवळपास १८ टक्के. आता इंजिनच्या दृष्टीनं बघा. चाक १८ टक्के मोठं झालं म्हणजे सगळे गिअर एकदम १८ टक्के उंच झाले, पहिल्यापासून रिव्हर्सपर्यंत. तुमचं इंजिन १३०० सीसी, ८० हॉर्सपॉवर, टॉर्क १०३ न्यूटन-मीटर आणि तोही ४५०० आरपीएमला. हे डिझेल नाही की खालूनच खेचेल. या इंजिनला फिरवत ठेवावं लागतं, तेव्हा ते काम करतं.

हायवेचा हिशेब करू. जिप्सी किंगचा, म्हणजे तुमच्याच एमजी४१३डब्ल्यूचा, टॉप गिअर ०.७९५, ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सनंतर पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) हायमध्ये १.४०९, डिफरन्शियल (ॲक्सलमधला गोळा) ३.९०९. गुणाकार ४.३८, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनचे ४.३८ फेरे. कंपनीच्या टायरवर ८० ला इंजिन साधारण २७८० ला फिरतं. ३१ वर तेच २३६० वर येतं. तुम्हाला वाटतंय शांत चालेल. शांत चालेल हो, पण सपाट रस्ता, वारा नाही, मागे दोन पोती नाहीत, तोवरच. सावनेरच्या पुढे सौसरकडे जरा चढ लागला की चौथा, मग तिसरा. पाचवा गिअर नुसता शोभेला उरतो. आणि मायलेज वाढत नाही, उलट कमी होतं, कारण टायर जड असतो आणि प्रत्येक सिग्नलला तो जड टायर पुन्हा फिरवायला लागतो.

आता तुमच्या पांदणीचा हिशेब, तो जास्त महत्त्वाचा. जिप्सीच्या ट्रान्सफर केसमध्ये एक गंमत आहे जी बऱ्याच जणांना माहीत नसते. बाकी गाड्यांत हाय म्हणजे सरळ एकास एक. जिप्सीत हायमध्येच १.४०९ ची घट आहे आणि लो आहे २.२६८. म्हणजे फोर-लो टाकल्यावर गाडी हायच्या मानानं फक्त १.६ पट हळू होते. दुसऱ्या जीपगाड्यांत ते अडीच पटीच्या आसपास मिळतं. आधीच लो एवढी तोकडी. पहिला गिअर ३.६५२, लो २.२६८, डिफरन्शियल ३.९०९, गुणाकार साधारण ३२. ३१ इंची टायरवर त्याची किंमत उरते २७ आणि काही. दगडावर नाहीतर गाऱ्यात हळू जायचं असेल तर क्लच अर्धा दाबून घसरवत जावं लागतं, आणि मे महिन्यात ४५ डिग्रीला क्लच घसरवला की दहा मिनिटांत वास येतो. तो वास ओळखीचा झाला की समजा प्लेट गेली.

यावर इलाज तीन. एक, डिफरन्शियलची क्राउन-पिनियन, म्हणजे आतली गरारीची जोडी, बदलणे. दोन, ट्रान्सफर केसच्या गरारी बदलणे. तीन, टायरच एवढा मोठा न घेणे. मी गिऱ्हाइकाला नेहमी आधी तिसरा सांगतो, त्यामुळे माझा धंदा होत नाही.

---

काळी_जिप्सी

काका, खूप खूप धन्यवाद, एवढं तर मला कोणी समजावून सांगितलं नव्हतं. पण मग कोणत्या साइजपर्यंत काही न बदलता जमते?

---

सदर_गॅरेज

बोलेरोला येतो तो टायर, २१५/७५ आर१५. उंची ७०३ मिलिमीटर, म्हणजे ५.३ टक्के वाढ. कंपनीच्या ५.५ इंची रिमवर बसतो, मडगार्ड कापायचं नाही, लिफ्ट लागत नाही (पाटे बसलेले नसतील तर), आणि कोणत्याही गावात मिळतो. काटोलला फुटला तर काटोललाच मिळेल. दम थोडा कमी वाटेल, पण चालण्यासारखं.

---

गोरेवाडा_४x४

काकांचा मान ठेवून थोडं वेगळं मत मांडतो. माझ्या जिप्सीला चार वर्षांपासून २३५/७५ आर१५ आहेत, ऑल टेरेन (डांबरी आणि कच्चा दोन्हीला चालणारे). जुन्या स्कॉर्पिओला हीच साइज यायची म्हणून हाही टायर सहज मिळतो. उंची ७३३, म्हणजे कंपनीपेक्षा जवळपास १० टक्के जास्त. सुरुवातीचे सहा महिने मी गिअरिंगला हात न लावता चालवली आणि काका म्हणतात तसंच झालं, रामटेकचा गड चढताना पहिल्याशिवाय पर्याय नाही. काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ ला असते, ते वेगळंच, आणि किलोमीटर कमी मोजतो म्हणून मायलेज आणखीनच वाईट दिसतं.

मग मी ट्रान्सफर केस उघडली आणि जुन्या ९७० सीसीवाल्या गाडीच्या, म्हणजे सुझुकी एसजे४१० च्या गरारी त्यात टाकल्या. हा जगभर चालणारा जुना प्रकार आहे, बाहेरच्या देशात सामुराईवाले (जिप्सीच्याच घराण्यातली सुझुकी) हेच करतात. त्या सेटमध्ये हाय १.५८० आणि लो २.५११ आहे. हाय १२ टक्के खाली येतं, लो साधारण ११ टक्के. टायरनं जे १० टक्के घेतलं ते व्याजासकट परत. पहिला गिअर लोमध्ये ३६ च्या जवळ जातो, मोठा टायर वजा केला तरी ३२-३३, म्हणजे कंपनीचं जेवढं होतं तेवढंच, आणि टायर अडीच इंच उंच. पोटाखाली सव्वा इंच मिळाला. अडीच मिळत नाही हं, बरेच जण इथेच फसतात, टायर जेवढा वाढतो त्याच्या निम्मंच गाडी उचलली जाते.

रिम मात्र बदलावी लागली. २३५ ला किमान ६ इंची रुंद रिम हवी, ५.५ वर टायर फुगून गोल होतो आणि मधूनच घासतो. आणि रिम घेताना फार बाहेर काढलेली घेऊ नका. चाक जेवढं बाहेर तेवढं बेअरिंगवर आणि किंगपिनवर (पुढचं चाक ज्यावर वळतं तो खिळा) ओझं, मग ६० च्या आसपास हँडल जे थरथरायला लागतं ते हातात मावत नाही. मला एकदा वर्धा रोडवर झालंय, खड्ड्यातून चाक गेलं आणि पुढचा अख्खा ॲक्सल नाचायला लागला, ब्रेक मारून गाडी पूर्ण थांबवली तेव्हा कुठे थांबला. बेअरिंग गेलेले होते, टायरनं फक्त ते उघडं पाडलं.

---

थारवाला_एमएच४०

+१, तो थरथराट ज्यानं अनुभवला त्यालेच माहीत. आयुष्यात केलेली सगळी पापं आठवतात.

---

उमरेड_रोड

मी शेतकरी आहे, मेकॅनिक नाही, पण काळ्या मातीचं मला विचारा. आमचं शेत उमरेडच्या पुढे, गाडी जुनी महिंद्राची जीप, एमएम५४०, आणि बाई गाडी चालवते म्हणून अर्धं गाव पाहायला उभं राहतं ते वेगळं.

तर दादा, तुमची गाडी टायर लहान होता म्हणून बसली नाही. टायर गोटा होता म्हणून बसली. काळी माती ओली झाली की टायरच्या खाचेत भरते आणि दोन फेऱ्यांत टायर गुळगुळीत मडक्यासारखा होतो. मग चाक कितीही मोठं असो, ते फिरतं, गाडी नाही. खाचा मोठ्या आणि मोकळ्या असल्या की चाक फिरताना माती फेकली जाते. बारीक नक्षीच्या ऑल टेरेनमध्येसुद्धा ही माती अडकते, मड टेरेनमध्ये कमी अडकते. पण मड टेरेन डांबरीवर आवाज करतो, लवकर झिजतो आणि पावसात ओल्या डांबरीवर ब्रेक मारताना जपावं लागतं. काटोल रोडचं अंतर पाहता मी तुमच्या जागी असते तर मोकळ्या खाचांचा ऑल टेरेन घेतला असता.

रुंद टायरचंही सगळे बोलतात. खाली कडक तळ असेल, वर वीतभर गारा असेल तर अरुंद टायर गारा कापून तळाला लागतो आणि चालतो. खाली तळच नसेल, नुसती दलदल, तर रुंद टायर वर तरंगतो. आमच्या पांदणीत बैलगाडीच्या चाकोरीखाली मुरूम आहे, तिथे अरुंदच बरा. तुमची पांदण कशी आहे ते काठी खुपसून पाहा. मी खरंच सांगते, काठी खुपसा, हात-दीड हात खाली कडक लागलं तर ३१ चं स्वप्न सोडा.

आणि हवा. पांदण लागायच्या आधी थांबून चारही टायरची हवा १८ वर आणायची, परत डांबरी लागली की भरायची. बॅटरीवर चालणारा छोटा पंप येतो. ही सवय लावली तर अर्धं काम फुकटात होतं. १८ वर मात्र जोरात वळायचं नाही, टायर रिमवरून निसटतो. आमच्या पोरानं काढून दाखवलाय.

---

काळी_जिप्सी

ताई, पांदणीत मुरूम टाकला होता ग्रामपंचायतीनं सात-आठ वर्षांमागे, तो खाली दबला असेल. काठीचं करतो.

आता २१५ का २३५ यात अडकलो. गोरेवाडा भाऊ, त्या ४१० च्या गरारी मिळतात का आता?

---

गोरेवाडा_४x४

नवीन नाही मिळत. जुन्या गाड्यांतून निघतात, भंगारात नाहीतर लिलावातून घेतलेल्या गाडीतून. मला एक मिळायला सात महिने लागले. घेताना दात बघ, कडेला खड्डे पडलेले, निळे पडलेले असतील तर सोड. आणि अर्धा सेट घेऊ नको, गरारी जोडीनं घासलेली असते, एकीची सवय दुसरीला नसते.

बाहेरच्या देशातून ४.१६ नाहीतर ४.९ लोचे किट मागवणारे आहेत, ते दगडावर चढणाऱ्यांचं काम. तुला शेतात जायचंय.

---

चंद्रपूर_पेट्रोल

डिफरन्शियलबद्दल माझी फजिती सांगतो, म्हणजे कोणी परत करणार नाही.

मलाही कोणीतरी सांगितलं की ९७० सीसीवाल्या गाडीचं डिफरन्शियल ४.१११ असतं, ते टाक म्हणजे दम वाढेल. खरं आहे, ३.९०९ पेक्षा ते ५ टक्के खाली. एका ठिकाणी मिळालं, पण फक्त मागचं. जो बसवणार होता तो म्हणाला गाडी मागच्या चाकावरच चालते ना भाऊ, पुढचं कशाला, कधी मिळालं तर टाकू. मीही म्हटलं ठीक. दोन महिने मस्त चालली. मग पावसाळ्यात फोर बाय फोर लावलं, जेमतेम पाचशे मीटर गेलो, काँक्रीटचा तुकडा लागला आणि गाडी अडून अडून चालायला लागली, जसं कोणी मागून धरलंय. पुढचा ॲक्सल म्हणतोय चाक ३.९ नं फिरवा, मागचा म्हणतोय ४.१ नं, आणि मध्ये ट्रान्सफर केस, त्याला दोघांना एकाच वेगानं फिरवायचंय. लिव्हर टू-हायमध्ये (फक्त मागची चाकं ओढतात त्यात) येईचना. रिव्हर्समध्ये घेऊन घेऊन कशीबशी सुटली. चिखलात चाकं घसरतात म्हणून तिथे कळलं नव्हतं.

म्हणून पुढचं-मागचं रेशो एकच पाहिजे, आणि पाचही टायर एकाच साइजचे. स्टेपनी जुनी २०५ ची ठेवून फोर बाय फोर लावाल तर हेच होईल. आणि जुनं डिफरन्शियल घेताना ॲक्सलच्या स्प्लाइन (टोकावरच्या खाचा) मोजल्याशिवाय पैसे देऊ नका, मी मोजल्या नव्हत्या, नशिबानं जुळल्या.

---

सदर_गॅरेज

चंद्रपूर, हे लिहिलंत ते फार बरं केलंत.

आणि आता मला एक शंका येतेय. काळी_जिप्सी, तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय की तुमची गाडी ८० ला मित्राच्या गाडीपेक्षा जास्त ओरडते आणि काटा ८० ला जीपीएस ७६. सगळ्या गाड्यांचा काटा थोडा पुढे असतो हे खरं, पण दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्यावर मला झोप आली नाही. तुम्ही तिसरे मालक. आधी कोणी काय केलंय ते माहीत आहे का?

काही विकत घेण्याआधी हे करा, दोन खडू, एक जॅक, एक मदतनीस, अर्धा तास. सपाट कडक जागा बघा. पुढच्या दोन्ही चाकांना मागून-पुढून दगड लावा. गाडी न्यूट्रल, टू-हाय, हँडब्रेक सोडलेला. मागचं फक्त एक चाक उचला, दुसरं जमिनीवरच राहू द्या. ॲक्सलखाली स्टँड द्या, नुसत्या जॅकवर नाही, आणि गाडीखाली घुसायचं नाही, बाजूनं वाकून बघायचं. उचललेल्या चाकावर खडूची रेघ, प्रोपेलर शाफ्टवर (ट्रान्सफर केसपासून ॲक्सलपर्यंत जाणारा लांब दांडा) खडूची रेघ. चाक हातानं बरोबर २० वेळा फिरवा आणि मदतनीसानं शाफ्ट किती फिरला ते मोजायचं.

२० का, तर एक चाक जमिनीला धरलेलं असलं की डिफरन्शियल अर्ध्या वेगानं फिरतं, चाकाचे दोन फेरे म्हणजे क्राउनचा एक. २० म्हणजे क्राउनचे १०. शाफ्ट ३९ आणि किंचित वर फिरला तर ३.९०९, म्हणजे क्राउनला ४३ दात, पिनियनला ११. शाफ्ट ४१ आणि किंचित फिरला तर ४.१११, ३७ ला ९. एकाच फेऱ्यावर मोजलं तर ३.९ आणि ४.१ मधला फरक डोळ्याला कळत नाही, म्हणून दहापट.

मग हेच पुढच्या बाजूनं, आता दगड मागच्या चाकांना. पुढचे हब (चाक ॲक्सलला जोडणारी कळ) लॉक करून, तसेच टू-हायमध्ये.

---

एमएच३१_वकीलसाहेब

तोवर आरटीओचं सांगून टाकतो, कोणी बोललंच नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, कंपनीनं जे दिलंय त्यात मूळ रचनेपासून फारकत होईल असा बदल करायचा नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं हेच ठासून सांगितलंय. थोडा फरक असलेला टायर कोणी टेप घेऊन मोजत नाही हा भाग वेगळा, पण मडगार्ड कापलेलं, चाक बॉडीच्या बाहेर आलेलं, गाडी उचललेली, हे लांबूनच दिसतं. ३१ म्हणजे या तिन्ही गोष्टी. आणि खरी भीती चलानची नाही, अपघात झाला तर विमा कंपनी सर्वात आधी बदल शोधते. २०२८ ला पासिंग परत आहे तुमचं, तेव्हा जुने टायर-रिम मित्राकडून मागत फिरू नका, कंपनीच्या रिम विकू नका.

---

काळी_जिप्सी

मंडळी, रविवारी केलं. आधी तर्री पोहे, मग गाडी 😀

लहान भावाले मोजायले बसवलं, तो पहिल्या वेळी बारा-तेरावर गडबडला, मोबाइलवर मेसेज आला म्हणते. दुसऱ्यांदा नीट मोजलं. मागच्या बाजूनं चाकाचे २० फेरे, शाफ्टचे ४१ आणि वर एक दोन बोटं. मले विश्वास बसेना, परत केलं, परत ४१. मग पुढच्या बाजूनं केलं. तिथंही ४१.

म्हणजे काका, आधीच्या कोण्या मालकानं दोन्हीकडे ४.१११ टाकून ठेवलं आहे आणि टायर मात्र कंपनीचेच ठेवले! म्हणून ८० ले ओरडून राहिली आणि म्हणून काटा खोटं सांगून राहिला. आधीच्या मालकाले फोन केला तर म्हणते मी पण अशीच घेतली होती.

---

सदर_गॅरेज

वाटलंच होतं. दोन्हीकडे केलंय म्हणजे करणारा जाणता होता, बहुतेक त्यानं तेव्हा मोठे टायर टाकले असतील आणि विकताना काढून घेतले.

आता तुमचं काम सोपं झालं. २१५/७५ टायर ५.३ टक्के मोठा, तुमचं डिफरन्शियल ५.२ टक्के खाली. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. गाडी कंपनीतून निघाली तशी ओढेल, काटाही जवळपास खरा सांगेल, एक नट न उघडता.

---

गोरेवाडा_४x४

मग २३५ घाल की! ४.१११ वर २३५ टाकले तर कंपनीपेक्षा फक्त ४ टक्के उंच पडेल, ते तर कळणारही नाही. वर ट्रान्सफरच्या गरारी कधी मिळाल्या तर सोन्याहून पिवळं.

---

सदर_गॅरेज

रिम बदला, मग रिमचा ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते) बघा, मग बेअरिंग, मग पुढचा चक्का लॉकपर्यंत वळवल्यावर पाट्याला घासतो का ते बघा, मग कोणीतरी म्हणेल लांब शॅकल (पाट्याच्या टोकाची कडी) टाका, ते टाकले की कॅस्टर (पुढच्या चाकाचा मागे झुकलेला कोन) कमी होतं आणि हँडल भटकतं. तुमच्या गाडीत बसलं ते तुम्ही सात महिने आणि बेअरिंगचा एक सेट देऊन बसवलंत. आणि रिव्हर्समध्ये फोर-लो लावून पूर्ण हँडल कापून गचका दिला तर जिप्सीचे पुढचे जॉइंट मोठ्या टायरवर तुटतात, ते मी स्वतःच्या हातानं बदललेले आहेत, एकाचे नाही.

---

गोरेवाडा_४x४

जॉइंटचं मान्य. बाकीचं नाही 🙂

---

उमरेड_रोड

काठी खुपसली का?

---

काळी_जिप्सी

हो ताई, खुपसली. तीन जागी पाहिलं, दोन जागी वीतभर खाली टणक लागते, मुरूमच आहे. नाल्याजवळ मात्र काठी हातभर गेली आणि परत काढताना चप्पल राहिली आत.

२१५/७५ घेऊन राहिलो, पाच, स्टेपनीसकट. मोकळ्या खाचांचा ऑल टेरेन सांगितला आहे, पंपही घेतला. वकीलसाहेब, रिम कंपनीचीच राहते म्हणून तुमचंही टेन्शन नाही. गोरेवाडा भाऊ नाराज नका होऊ, गरारीवर नजर ठेवतो.

एकच गोष्ट, गाडी उचलली तेव्हा पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूले, तो गोल गोळा असते तिथून, काळं ग्रीस आणि तेल मिसळून गळून राहिलं दिसलं, बोटाले लावून पाहिलं तर पातळ, गिअर ऑइलचा वास येते. हे सील गेलं का अजून काही? टायर बसवायच्या आधी करू का नंतर?

---

सदर_गॅरेज

आधी. आतलं सील गेलंय, हाऊसिंगचं तेल गोळ्यात येऊन ग्रीस धुऊन काढतंय. तसंच चालवलं तर जॉइंट आणि किंगपिनची बेअरिंग कोरडी पडतील. दोन्ही बाजूची सील एकदमच करा, बेअरिंगही उघडून बघा, आणि डिफरन्शियलचं तेल किती उरलंय ते आजच बघा.